एकेचाळीस नंबरचा पाय: हरारहून आईला गेलेली पत्रं

प्रकरण एका मोज्याचं आहे. पायाच्या शिरा फुगतात, व्हेरिकोज व्हेन्स म्हणतो आपण, त्यावर घालायचा घट्ट इलॅस्टिकचा लांब मोजा. २० फेब्रुवारी १८९१ ला पूर्व आफ्रिकेतल्या हरार गावातून छत्तीस वर्षांच्या एका बिनलग्नाच्या व्यापाऱ्याने फ्रान्समधल्या खेड्यात राहणाऱ्या आईला पत्र लिहून हा मोजा मागवला. मागणी इतकी बारकाईने लिहिलीय की वाचताना पाय डोळ्यासमोर येतो. लांब आणि काटकुळ्या पायाला बसेल असा हवा, बुटाचा नंबर ४१, मोजा गुडघ्याच्या वर गेला पाहिजे कारण एक शीर गुडघ्याच्या मागे वरच्या अंगाला फुगलीय, सुती पण मिळतात पण रेशमाचे जास्त टिकतात, फार महाग नसावेत, आणि पैसे मी देईन तुला. नीट बांधून पोस्टाने एडनला पाठव, तियाँ यांच्या पेढीवर, ते पुढे माझ्याकडे पोचवतील. तोपर्यंत पायाला पट्टी बांधून ठेवलीय.

त्याच पत्रात वर असंही लिहिलंय की पंधरा रात्री डोळ्याला डोळा लागलेला नाही.

हा माणूस म्हणजे आर्थर रँबो. फ्रेंच कवितेतलं केवढं मोठं नाव, पण कविता त्याने विशीच्या आसपासच सोडली आणि मला इथे त्या कवितेबद्दल काही लिहायचं नाही. मला बघायचीत ती १८८० ते १८९१ या काळात त्याने एडन आणि हरारहून आईला आणि बहिणीला लिहिलेली पत्रं. दूरच्या वसाहतीत नोकरीला गेलेला माणूस घरी काय लिहितो, काय लिहीत नाही, आणि पत्राला लागणारा वेळ दोन्हीकडच्या माणसांचं काय करतो हे इतक्या सलग दिसणारं दुसरं प्रकरण माझ्या तरी वाचनात नाही. लोक ही पत्रं वाचतात आणि निराश होतात, म्हणतात यात काहीच नाही, नुसते पैसे, याद्या, उकाडा आणि कंटाळा. मला नेमकं तेच महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे पत्रात वरचं कुशल-मंगल झालं की "पत्रास कारण की" असं लिहून मुद्द्यावर यायची पद्धत होती ना, तर या अकरा वर्षांच्या पत्रांत जवळजवळ सगळं "पत्रास कारण की"च आहे, आणि आईशी असलेलं नातं त्या कारणांतच आहे, दुसरीकडे शोधायला जायची गरज नाही.

एडन म्हणजे तेव्हाचा मुंबई इलाखा

रँबो ऑगस्ट १८८० मध्ये एडनला, अरबस्तानच्या दक्षिण टोकाच्या बंदरात, पोचला. त्याआधी सायप्रसमध्ये दगडाच्या खाणीवर आणि बांधकामावर मुकादम होता. एडन १८३९ ला मुंबई सरकारच्या फौजेने घेतलं आणि १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबईहूनच चालायचा, त्यामुळे तिथे रुपया आपला, पोस्टाची तिकिटं हिंदुस्थानची, छावणीतले शिपाई हिंदुस्थानी. त्याला नोकरी मिळाली बार्दे यांच्या फ्रेंच पेढीत, काम कॉफी निवडून, तोलून, पोत्यात भरून घेण्यावर देखरेख करायचं, आणि कॉफी निवडणाऱ्या बायकांमध्ये छावणीतल्या हिंदी शिपायांच्या बायका होत्या. पुढे हरारच्या नोकरीचा पगार ठरला तोही रुपयांतच, महिना दीडशे.

एडन म्हटलं की मराठी माणसाला वासुदेव बळवंत फडके आठवतात, आठवायलाच पाहिजेत. १८८० मध्ये त्यांना एडनच्या तुरुंगात नेलं आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला ते तिथेच गेले. त्या दिवसांत रँबो एडनमध्येच होता, मार्चमध्ये तो परत हरारला निघाला. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, एक सक्तीने आलेला कैदी आणि एक पगारासाठी आलेला कारकून, पण तो खडक एकच आणि वर्षंही तीच. तो खडक कसा होता हे रँबोने सप्टेंबर १८८५ च्या पत्रात घरी लिहिलंय. गवताची काडी नाही, गोड्या पाण्याचा थेंब नाही, समुद्राचं पाणी ऊर्ध्वपातन करून प्यायचं, गाव विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात वसलेलं, चारी बाजूंच्या कड्यांमुळे वारा आत येत नाही, चुन्याच्या भट्टीत भाजून निघावं तसं इथे भाजतोय. चांगल्या हवेशीर कचेरीतसुद्धा रात्रंदिवस ३५ अंश. एडनवरचं मराठीत मी जे काही वाचलंय त्यात हवेबद्दल इतकं नेमकं कुठे सापडलं नाही, आणि ही त्या माणसाची पत्रं ज्यांच्यात म्हणे काही नसतं.

हरार मात्र उंचावरचं, थंड हवेचं, तटबंदीचं गाव. १३ डिसेंबर १८८० चं तिथलं पहिलं पत्र आहे, त्यात लिहिलंय की सोमाली वाळवंटातून वीस दिवस घोड्यावर येऊन पोचलो, गाव इजिप्तच्या लोकांनी वसाहत केलेलं आहे, त्यांचं सैन्य इथे काही हजार आहे, कॉफी, हस्तिदंत, कातडी असा माल मिळतो. म्हणजे आधी ब्रिटिशांची वसाहत, मग इजिप्तची, आणि १८८७ पासून हरार शोआचा राजा मेनेलिक, पुढे इथिओपियाचा सम्राट झालेला, याच्या ताब्यात. याचं काम मात्र बहुतेक वेळ एडनच्या कुठल्या ना कुठल्या फ्रेंच पेढीशी बांधलेलं.

पत्र जायचं कसं

हे नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. हरारहून निघालेलं पत्र काफिल्याबरोबर वाळवंट ओलांडून झैला बंदरात यायचं, तिथून होडीने किंवा लहान बोटीने एडन, तिथे आगबोट लागेल तेव्हा सुएझमार्गे मार्से, मग रेल्वेने फ्रान्सच्या पार उत्तरेला आर्देन प्रांतात, आणि शेवटी रोश नावाच्या शेतवाडीवर. एडनपर्यंतचा टप्पा त्या काळात चांगला चालायचा, आईच्या २४ नोव्हेंबर १८८२ च्या पत्राला त्याने एडनहून ८ डिसेंबरला उत्तर लिहिलंय, चौदा दिवस फक्त. पण हरारचं गणित वेगळं. आईच्या ५ जानेवारी १८९१ च्या पत्राची पोच त्याने लिहिली त्याच २० फेब्रुवारीच्या मोज्याच्या पत्रात. सेहेचाळीस दिवस. म्हणजे प्रश्न विचारून उत्तर हातात यायला दोन-तीन महिने धरायचे, आणि तेही रस्त्यात लढाई नसेल आणि उंट मिळाले तर.

आता या अंतराने काय होतं बघा. आई पत्र वाचते तेव्हा त्यातला मुलगा महिनाभर जुना असतो. ती त्या जुन्या मुलाला उत्तर लिहिते, आणि ते उत्तर ज्याच्या हातात पडतं तो आणखी महिना-दीड महिना पुढे गेलेला असतो, कधी गाव बदललेलं, कधी धंदा, कधी तब्येत. हे मी उगाच तत्त्वज्ञान म्हणून सांगत नाहीये. ही पत्रं तारखा समोर ठेवून वाचली तर हे पानोपानी दिसतं. एका पत्रात पुढच्या वर्षी इथून निघणारच म्हणतो, मग झांझिबारला जाईन म्हणतो, अशा बेतांनी पत्रं भरलेली आहेत आणि त्यातलं बहुतेक काही झालं नाही. लोक याला चंचलपणा म्हणतात. मला वाटतं एवढ्या लांब एकट्याने राहणाऱ्याला प्रत्येक बेत निदान उत्तर येईपर्यंत खरा ठेवता यायचा, तेवढ्यावर एक मोसम निघायचा.

याद्या

२ नोव्हेंबर १८८० च्या पत्रात पुस्तकांची यादी आहे. धातुशास्त्र, शहरातली आणि शेतीची पाणीव्यवस्था, आगबोटीचा कप्तान, जहाजबांधणी, बंदुकीची दारू आणि सोरा, खनिजं, गवंडीकाम, सुतारासाठी खिशात मावणारं पुस्तक. शिवाय गाडीची चाकं, कातडी कमावणं, कुलपं, काच, विटा, मातीची भांडी, मेणबत्त्या. सगळी कारागिरांची हातपुस्तकं. जिथे दार दुरुस्त करायलाही स्वतःच शिकावं लागतं तिथून अशीच यादी येणार, आणि आईने ती पुस्तकं शोधायची, पैसे भरायचे, गठ्ठा बांधायचा, पाठवायचा, पोचली नाहीत तर पुन्हा विचारायचं.

आमच्या आजीकडे पत्र्याच्या एका डब्यात धाकट्या काकांची मस्कतहून आलेली पत्रं होती, सत्तरच्या दशकातली. मी शाळेत असताना आजीला ती वाचून दाखवायचो आणि मला रागच यायचा की हा माणूस आई कशी आहेस एवढं एका ओळीत उरकतो आणि मग अर्धं पान भरून मेतकूट, चकलीची भाजणी, कोकम, नवं पंचांग, घाऱ्या टिकतात का बघ. आजी मात्र यादीच दोनदा वाचायला लावायची. दुसऱ्या वेळेला ती बोटांवर मोजायची. कुशल तर कोणीही लिहितं, पण भाजणी तिच्याचकडे मागता येते, हे तिला कळलेलं होतं आणि मला कळायला बरीच वर्षं गेली. रँबोच्या याद्या मी त्या सवयीने वाचतो.

यादीतल्या एका वस्तूपाशी मी दर वेळी थांबतो. १५ फेब्रुवारी १८८१ च्या पत्रात तो विचारतो की घरातला अरबी शब्दकोश कसा काय सापडला नाही, असणार तिथेच, आणि भावाला सांग अरबी कागदांमध्ये एक वही शोधायला, विनोद आणि शब्दांचे खेळ असलेली, शिवाय संवाद आणि गाणी असलेला एक संग्रह असेल, भाषा शिकणाऱ्याला उपयोगी. हे कागद त्याच्या वडिलांचे. वडील लष्करात कॅप्टन, अल्जीरियात नोकरी केलेले, तिथेच अरबी शिकलेले, आणि मुलगा सहा वर्षांचा असताना घर सोडून गेले ते परत आले नाहीत. चार मुलं एकटीने वाढवलेल्या बाईला तिचा मुलगा दुसऱ्या वसाहतीतून लिहितोय की बाबांची अरबीची वही शोध. वडिलांचं नाव न घेता, मागणीच्या भाषेत. याच्यावर आणखी काही बोलायचं मला धाडस होत नाही.

पैसे, जमीन, कॅमेरा

साठलेले पैसे तो घरी पाठवायचा, आई ते गुंतवायची. तिच्यासाठी गुंतवणूक म्हणजे जमीन, शेतकऱ्याची मुलगी ती, तिने त्याच्या पैशातून एक तुकडा घेऊन टाकला. यावर तो वैतागून लिहितो की जमीनजुमल्याचं मी काय करू. आपल्याकडे मुंबईच्या गिरणीतल्या चाकरमान्याने गावी पैसे पाठवावे आणि घरच्यांनी त्याला न विचारता वावर घ्यावं, तोच प्रकार. मला दोघांचंही पटतं. त्याला परत यायचंच याची खात्री नव्हती आणि तिला त्याने परत यायला काहीतरी असावं असं वाटत असणार.

कॅमेऱ्यावरून दोघांचं वाजलं. हरारला कोणाकडे कॅमेरा नाही, फोटो काढून चांगले पैसे मिळतील असा त्याचा हिशोब, म्हणून ल्याँहून महागडं सामान मागवायचं ठरवलं आणि पैसे आईच्या हातून भरायला लावले. आई चिडली. त्याने ८ डिसेंबर १८८२ ला समजुतीचं पत्र लिहिलं. सामान यायला पुढचं वर्ष उजाडलं आणि ६ मे १८८३ ला हरारहून त्याने घरी स्वतःचे, स्वतःच काढलेले फोटो पाठवले. एकात घराच्या गच्चीवर उभा, एकात कॉफीच्या बागेत, एकात केळीच्या बागेत हाताची घडी घालून. आणि खाली खुलासा, की सगळे पांढरे पडलेत, धुवायला मिळतं ते पाणी वाईट आहे म्हणून.

हे फोटो आजही आहेत, छापलेले बघायला मिळतात. चेहरा जवळजवळ उडून गेलाय. पांढरे कपडे, काळवंडलेला चेहरा, मागे झाडाची पानं आणि डोळ्यांच्या जागी फक्त सावली. तीन वर्षं न दिसलेला मुलगा आईला दिसला तो असा.

याच पत्रात एक परिच्छेद आहे ज्यासाठी ही सगळी पत्रं वाचावीत. धाकट्या बहिणीला, इझाबेलला, कोणी चांगला शिकलेला माणूस मागणी घालत असेल तर तिने लग्न करावं, एकटेपणा वाईट असतो, असं सांगता सांगता तो स्वतःवर येतो. हे येणं-जाणं, हे कष्ट, परक्या लोकांतली ही साहसं, या डोक्यात भरून घेतलेल्या भाषा, हे सगळं कशासाठी, जर काही वर्षांनी मला बऱ्यापैकी आवडेल अशा ठिकाणी विसावता येणार नसेल, संसार होणार नसेल, निदान एक मुलगा होणार नसेल, ज्याला मी माझ्या मनासारखा वाढवीन, शिकवीन, आणि जो पुढे नावाजलेला इंजिनिअर झालेला मी बघीन. त्या वेळी तो अठ्ठावीस वर्षांचा होता. ज्याला सगळं जग बंडखोर म्हणून ओळखतं त्याला मुलगा इंजिनिअर व्हावा असं वाटत होतं, आणि हे त्याने सांगितलं कोणाला तर आईला. पॅरिसच्या एकाही मित्राला नाही.

जे घरी लिहिलं नाही

एडनमध्ये १८८४ नंतर त्याच्याबरोबर काही काळ एक ॲबिसिनियन बाई राहत होती, हे तिथे काम करणाऱ्यांनी नंतर सांगितलं. घरच्या पत्रांत तिचा उल्लेख नाही. लपवणं आलंच, दूरच्या नोकरीतून घरी लिहिणारा प्रत्येक जण काहीतरी गाळतो.

पण मला जास्त टोचतं ते दुसरं. १८८३ च्या शेवटी त्याने हरारच्या दक्षिणेकडच्या ओगादेन प्रदेशावर एक अहवाल लिहिला, पेढीच्या माणसांनी प्रवासातून आणलेल्या माहितीवर आधारलेला, पॅरिसच्या भूगोल संस्थेने तो पुढच्या वर्षी छापला. त्यात टोळ्या, पाणी, प्राणी, शिकारीची पद्धत, सगळं नीट, शांतपणे लिहिलंय. आणि तोच माणूस २५ फेब्रुवारी १८९० ला घरी लिहितो की मी फारसं लिहीत नाही कारण लिहिण्यासारखं काही सापडतच नाही, इथे नुसती वाळवंटं, रस्ते नाहीत, टपाल नाही, प्रवासी नाहीत, आणि इथल्या माणसांबद्दल जो शब्द वापरतो तो तुच्छतेचा आहे, वसाहतीतल्या गोऱ्या लोकांच्या तोंडी तेव्हा सर्रास असलेला. हे झाकून ठेवायचं कारण नाही. ज्या लोकांच्या भाषा तो शिकला, ज्यांच्यात दहा वर्षं जगला, ज्यांनी पुढे त्याला खांद्यावर वाहून नेलं, त्यांच्यासाठी घरच्या पत्रात त्याच्याकडे एवढीच जागा होती. अहवालात त्याला दिसत होतं आणि पत्रात दिसेनासं व्हायचं. मला वाटतं घरी लिहिताना त्याला एकच गोष्ट सांगायची असायची, की मी इथे सुखात नाही, आणि त्यासाठी ती जागा ओसाड आणि तिथली माणसं क्षुल्लक असणं गरजेचं होतं. वसाहतीतून घरी गेलेल्या कितीतरी पत्रांत हे झालंय, आणि मागे राहिलेल्या घरांनी त्या देशांची ओळख त्याच पत्रांतून करून घेतली, हे नुकसान लहान नाही.

कंटाळ्याबद्दल मात्र तो खोटं बोलत नाही. ४ ऑगस्ट १८८८ ला लिहितो की मला कायम फार कंटाळा येतो, माझ्याइतका कंटाळणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. बंदुकांचा व्यापारही त्याने घरी कळवला होता, ऑक्टोबर १८८५ मध्ये, की काही हजार बंदुका युरोपातून येतायत, मेनेलिकला विकायच्या. तो धंदा भागीदाराच्या मरणामुळे आणि देणेकऱ्यांमुळे पार बिघडला आणि ऑगस्ट १८८७ मध्ये कैरोहून आलेलं पत्र वाचवत नाही. केस पूर्ण पिकलेत, वय तेहेतीसही नाही, कमरेच्या पट्ट्यात सोळा हजार आणि वर काही शे फ्रँक सोन्यात बांधून फिरतोय, वजन आठेक किलो, त्याने जुलाब लागलेत. सोनं ठेवायला विश्वासाची जागा नाही, म्हणून माणूस ते अंगावर वागवतोय.

एक सावधगिरी. त्याच्या मरणानंतर इझाबेलच्या नवऱ्याने ही पत्रं छापली तेव्हा त्यात हात फिरवला, शब्द बदलले, रकमा वाढवल्या, मेहुणा मोठा व्यापारी आणि सद्गृहस्थ दिसावा म्हणून. पुढे मूळ कागद पाहून दुरुस्त्या झाल्या. जुन्या भाषांतरावरून कोणी आकडे देत असेल तर जपून. आणि आईची त्याला गेलेली पत्रं अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत, त्यामुळे आपण जवळजवळ सगळा वेळ फोनच्या एकाच बाजूचं बोलणं ऐकत असतो.

मोजा

आता परत मोज्याकडे. आधीच्या वर्षी, १० ऑगस्ट १८९० ला, त्याने आईला विचारलं होतं की पुढच्या वसंतात तिकडे येऊन लग्न करता येईल का, माझ्याबरोबर या देशांत यायला तयार होईल अशी कोणी मिळेल का. नोव्हेंबरमध्ये पुन्हा तोच विषय, फिरायची मोकळीक मात्र हवी. म्हणजे वसंतात यायचं होतंच. वसंताच्या तोंडावर गेलं ते मोज्याचं पत्र.

त्यात त्याने स्वतःच निदान केलं होतं. शिरा फुगल्यात, वर संधिवात, हवेमुळे झालंय. आईने ते पत्र घेऊन डॉक्टर गाठला. डॉक्टरने पाहिला तो पत्रातला पाय. खरा पाय तिकडे हरारला, महिनाभर पुढे गेलेला, गुडघा सुजत चाललेला. आईने जे केलं ते पत्रातल्या पायासाठी केलं आणि ते तिने अतिशय चोख केलं. २७ मार्चचं तिचं पत्र उरलंय, त्या मोजक्या पत्रांपैकी एक. मोज्याच्या पत्रापासून पस्तीस दिवस, त्यातच त्या पत्राचा सगळा प्रवास. ती लिहिते की या पत्राबरोबर एक लहान पार्सल पाठवतेय, शिरांना चोळायची मलमाची बरणी आणि पॅरिसला करून घेतलेले दोन इलॅस्टिकचे मोजे, डॉक्टरांना त्यातला एक नाडी बांधायचा हवा होता पण त्यासाठी आणखी बरेच दिवस थांबावं लागलं असतं, म्हणून आहेत तसे पाठवतेय. तब्येत सांभाळ आणि मिळाल्याबरोबर कळव.

त्याने एक मागितला होता, तिने दोन पाठवले. या बाईला सगळे कोरडी, कठोर म्हणतात. तिच्या पत्रात लाडाचा शब्द नाही हे खरं. पण नाडीच्या मोज्यासाठी थांबायचं की आहे तो लगेच पाठवायचा यावर तिने केलेला विचार मला दिसतो, आणि तो बरोबर होता.

पार्सल निघाल्यावर अकरा दिवसांनी, ७ एप्रिलला, रँबोला हरारहून हलवलं. तो चालू शकत नव्हता. स्वतः आकृती काढून करून घेतलेली कापडी छपराची डोली, सोळा भोई, झैलापर्यंत सुमारे तीनशे किलोमीटर. वाटेत पाऊस, एका मुक्कामी सोळा तास उघड्यावर. बारा दिवस. मग बोटीच्या डेकवर गादीवर पडून एडन. आधीच का निघाला नाही? मोज्याच्या पत्रातच उत्तर आहे: निघालो असतो, एडनच्या उन्हाने बरंही वाटलं असतं, पण लोकांकडे माझे बरेच पैसे अडकलेत, निघालो तर बुडतील. टपालाने वेळ खाल्ला हे खरं, पण त्याआधी या हिशोबाने खाल्ला. दुखणं शिरांचं नव्हतंच, गुडघ्यात कर्करोग होता. लवकर निघून काय फरक पडला असता ते मी सांगणार नाही.

३० एप्रिलला एडनच्या इस्पितळातून त्याने लिहिलं: प्रिय आई, तुझे दोन्ही मोजे आणि पत्र मिळालं, आणि फार वाईट परिस्थितीत मिळालं. नुसता सांगाडा झालोय, बघून भीती वाटावी असा. मोजे आता उपयोगाचे नाहीत, कुठेतरी विकून टाकीन.

तिने सांगितलं होतं मिळाल्याबरोबर कळव, आणि त्याने कळवलं. मी ती ओळ खूपदा वाचलीय. पायाची ती अवस्था असताना पोच आधी आहे.

९ मेला तो एडनहून निघाला, २० मेला मार्सेला उतरला. २२ मेला आईला तार केली, तू किंवा इझाबेल आजच्या आज एक्स्प्रेसने मार्सेला या, सोमवारी सकाळी पाय कापणार, जिवाला धोका, महत्त्वाची कामं उरकायचीत, उत्तर दे. त्याच संध्याकाळी तिची तार आली: निघते, उद्या संध्याकाळी पोचते, धीर धर. अकरा वर्षांत आईचं उत्तर त्याच दिवशी हातात पडायची ही पहिली वेळ.

२७ मेला पाय मांडीपासून कापला. ९ जूनला आई परत गेली, घरी इझाबेलची तब्येत बरी नव्हती, आणि तो चिडला, मग पत्रं फक्त बहिणीला लिहायला लागला. शेवटचे काही महिने उरले होते, १० नोव्हेंबरला तो गेला, इझाबेल जवळ होती. पण जूनच्या त्या पत्रांत, आता टपाल दोन-तीन दिवसांचं झालेलं असताना, त्याला सगळ्यात जास्त घोर लागलाय तो लष्करी नोकरीचा. हा प्रश्न तो हरारहूनही वर्षानुवर्षं विचारत आला होता, की माझी सक्तीची नोकरी राहिलीय, परत आलो तर पकडतील का, आई, जरा कचेरीत विचारून कळव. २४ जूनला पुन्हा तेच, आता हे लष्कराचं काय नवीन काढलंत, मला तुरुंगात टाकतील का. कुबड्या घेऊन खोलीच्या खोलीत चालायची सवय करतोय असं त्याच दिवसांत लिहितो. शेवटी रोशहून इझाबेलने कचेरीत जाऊन त्याच्या नावाची चौकशी केली.